उंबरठ्याच्या आतला कारखाना

'कारखाना' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्याची फोड करून पाहावी असे कुणाला वाटत नाही. फारसीत 'कार' म्हणजे काम आणि 'खाना' म्हणजे घर किंवा जागा. म्हणजे कारखाना हे मुळात कामाचे घर. शिवकालीन राज्यव्यवहारात जे अठरा कारखाने सांगितले जातात त्यांत तोफखाना, दारूखाना आहेत, तसे मुदपाकखाना, जामदारखाना आणि पीलखानाही आहेत. स्वयंपाक, कापडचोपड आणि हत्तींची निगा हे सारे राजाच्या घराचेच भाग होते आणि त्या सगळ्यांना एकच नाव होते. आपल्या बोलीतली 'लोहारसाळ' अशीच. तिच्यात 'शाला' दडलेली आहे, आणि गावात ती बहुधा लोहाराच्या दाराशीच असे.

आज घर आणि कारखाना हे शब्द एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत. माणूस घरातून निघतो आणि कामावर जातो, संध्याकाळी कामावरून सुटतो आणि घरी येतो. ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे, पण ती फार जुनी नाही. मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली १८५४ मध्ये. म्हणजे भोंग्यावर घराबाहेर पडण्याची ही सवय सर्वात जुन्या गिरणगावातही पावणेदोनशे वर्षांच्या आतली, आणि महाराष्ट्राच्या बहुतेक गावांत त्याहून पुष्कळ अलीकडची.

गेल्या काही वर्षांत वारे पुन्हा फिरले आहे. राहणे आणि काम एकाच वास्तूत असेल तर प्रवास वाचतो, इंधन वाचते, जागा दिवसभर वापरात राहते, म्हणून अशी वास्तू शाश्वत, असे वास्तुरचनाकार सांगतात आणि जाहिरातदार त्यांचीच री ओढतात. मी वास्तुरचनाकार नाही, अर्थशास्त्रज्ञही नाही. नोकरी सांभाळून गेली पंचवीस वर्षे जुन्या पेठा, आळ्या आणि विणकरांची घरे पाहत, जमेल तिथे टेप लावून मोजत आलो आहे. या फिरतीतून आणि जुन्या गॅझेटियरांच्या वाचनातून एक गोष्ट मला दिसत गेली. कामाचे घर ही आपल्याकडे नवी कल्पना नाही, आणि ते टिकले किंवा मोडले ते केवळ भिंतींमुळे नाही. त्या घरातल्या कामाचा, जागेचा आणि उजेडाचा खर्च कुणाच्या नावावर लिहिला गेला, यावर ते ठरले. या लेखात तो हिशेब मांडायचा आहे.

आळी, पेठ आणि ओसरी

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बलुतेदारीचे बरेवाईट दोन्ही सांगणाऱ्या त्या पुस्तकाकडे आपण सामाजिक इतिहास म्हणून पाहतो. मला ते वाचताना सारखी घरे दिसतात. सोनार आणि शिंपी ओसरीवर बसत, कारण बारीक कामाला सकाळचा आडवा उजेड तिथेच मिळे आणि गिऱ्हाइकाला उंबरठा ओलांडावा लागत नसे. तेल्याच्या घाण्याला बैल फिरण्यापुरती गोल जागा लागे, म्हणून तो घराला लागून वेगळ्या छपरात असे. कुंभाराचे चाक अंगणात, पण त्याचा आवा वस्तीच्या कडेला, कारण गवताने शाकारलेल्या घरांच्या मध्ये आग पेटवणे परवडण्यासारखे नव्हते. कोणते काम घरात, कोणते अंगणात आणि कोणते गावाच्या कडेला, हे आग, धूर, वास आणि उजेड यांवर ठरे.

मात्र एवढ्यावरच ठरत नसे, हेही लगेच सांगितले पाहिजे. कातडे कमावणाऱ्यांची कुंडे गावाबाहेर होती ती वासामुळे, असे म्हणता येईल. पण त्या माणसांची घरेही गावाबाहेर होती, आणि त्यांच्यातले जे कातड्याला हातही लावत नव्हते त्यांचीही. घर आणि काम एका छपराखाली बांधले गेले तेव्हा जातही त्याच छपराखाली बांधली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'च्या मांडणीत दाखवून दिले की जातिव्यवस्था कामाबरोबर कामकऱ्यांचीही वाटणी करते आणि त्यांना उतरंडीवर बसवते. बापाचे घर हेच मुलाचे दुकान असेल तर मुलाला दुसरे काम निवडण्याची वाट कुठली? जुन्या कामाच्या घरांचे गोडवे गाताना हा खांब झाकून चालत नाही. गिरणीच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत राहायला आलेल्या पुष्कळांना तो सुटकेचा मार्ग वाटला, तो याच कारणाने.

शहरात हीच रचना आळीची झाली. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी हे आजही पाहता येण्यासारखे उदाहरण. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये शहरातल्या तांब्या-पितळेच्या कामाची सविस्तर माहिती आहे. पुढे ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील आले, तांब्याचे बंब आणि घागरी अडगळीत गेल्या आणि आळीतले ठोके कमी झाले. पण काम संपले नाही. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठसे उमटवण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. त्याने भांड्याला झळाळी येते एवढाच बाहेरच्यांचा समज असतो. खरे तर ठोक्यांनी मऊ तांबे कडक होते आणि पातळ पत्रा वजन पेलू लागतो. मी पाहिलेल्या जुन्या घरांची मांडणी साधारण अशी: रस्त्याकडे कामाची खोली, मागे स्वयंपाकघर, वर निजायची जागा. ठोक्यांचा आवाज सगळ्या आळीचा असल्यामुळे तक्रार करणार कोण? आवाजाची वेळही ठरलेली असे. आळी म्हणजे एकाच प्रकारचा त्रास वाटून घेण्याचा अलिखित करार होता. ही गोष्ट पुढे शहरनियोजनाकडे वळल्यावर आठवणीत ठेवावी लागेल.

मागाचा खड्डा

कामाचे घर सर्वात बारकाईने बेतले असेल तर ते विणकरांनी. येवल्याचे साळी-कोष्टी असोत, सोलापूरचे तेलंगणातून आलेले पद्मशाली असोत किंवा १८५७ नंतर उत्तरेतून मालेगावी येऊन वसलेले मोमीन असोत, त्यांच्या जुन्या घराचा गाभा म्हणजे खड्डामाग. जमिनीत साधारण कमरेइतका खड्डा घेतात, विणकर त्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडून पायपट्ट्या दाबतो आणि हाताने धोटा टाकतो.

हा खड्डा केवळ पाय ठेवायची सोय नाही. दख्खनच्या कोरड्या हवेत सुताचा धागा ठिसूळ होतो आणि तुटतो. प्रत्येक तुटलेला धागा म्हणजे थांबलेले काम. जमिनीच्या पोटातली ओल खड्ड्याच्या तोंडाशी ताण्याला मिळत राहते. त्यात शेणाने सारवलेली जमीन, मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडावर पसरलेल्या मातीचे सपाट छप्पर, सोलापूर-मराठवाड्याकडे घरोघरी असायचे. दिवसाची आग ते हळूहळू आत सोडते आणि माग चालतो तेवढा वेळ खोली थंड राहते. उजेड येतो वरच्या झरोक्यातून किंवा मागाच्या बाजूच्या खिडकीतून, नेमका विणल्या जाणाऱ्या कापडावर. ताणा पसरायला लांबी लागते, ती घरात नसते. म्हणून ताणा करणे, सुताला खळ लावणे ही कामे सकाळी ऊन चढायच्या आत गल्लीत होत. गल्ली हे घराचेच लांबवलेले टोक होते, आणि त्या वेळी तिथून गाडी हाकणाऱ्याला हे ठाऊक असे.

या घराला बाहेरची ऊर्जा लागत नव्हती आणि दुरुस्तीला बाहेरचे सामान लागत नव्हते. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती चढवली, भिंती लिंपल्या की वर्ष निघे. शाश्वततेची जी फूटपट्टी आज लावली जाते तिच्यात हे घर पूर्ण गुणांनी पास होईल.

पण मागावर बसलेला एक माणूस दिसतो तेव्हा त्याच्यामागे किती हात आहेत हे सहसा दिसत नाही. लडी उकलणे, रहाटावर कांड्या भरणे, तुटलेले धागे जोडणे, खळ शिजवणे ही कामे बायका आणि मुले करत. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये येवल्याच्या रेशीमकामाच्या पायऱ्या वाचताना ध्यानात येते की विणणे ही त्यांतली शेवटची पायरी. व्यापारी मजुरी मोजत असे ती विणलेल्या नगावर, आणि ती पडे विणकराच्या हातात. कांड्या भरणाऱ्या बाईचा दर कुणी ठरवला नव्हता, कारण ती 'घरातच' होती. धोटा दोरीच्या झटक्याने फेकणारा सुधारित माग विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत पसरला तेव्हा विणण्याचा वेग वाढला. वेग वाढला म्हणजे कांड्याही तितक्या जास्त लागू लागल्या. यंत्राने पुरुषाचे काम हलके केले आणि रहाटावरचे वाढवले.

हे प्रमाण आजही बदललेले नाही. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत विणकर आणि पूरक काम करणारे मिळून सुमारे ३५ लाख लोक मोजले गेले. त्यांत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. ज्या धंद्याला आपण 'विणकर' या पुल्लिंगी शब्दाने ओळखतो तो मुख्यतः बायकांच्या हातावर उभा आहे.

मोटर घरात येते

इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. तिथले जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा अशा उद्योगांना आश्रय होता. पुढे वीज गावोगाव पोचली तसा यंत्रमागही पोचला. भिवंडी, मालेगाव, सोलापूर, इचलकरंजी या गावांचा चेहराच त्याने बदलला. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथे येऊन पुन्हा उभे राहिले, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर तर कापडाचे कामच मोठ्या प्रमाणात इकडे सरकले.

वाफेच्या इंजिनाने माणसांना एका जागी गोळा केले होते, कारण एका इंजिनावर शेकडो माग पट्ट्यांनी जोडावे लागत. विजेच्या छोट्या मोटरीने ती अट काढून टाकली. चार माग घ्या, चार मोटरी लावा, घरातच गिरणी. त्या काळी पुष्कळांना यात विकेंद्रीकरणाचे स्वप्न दिसले असेल तर नवल नाही.

खड्डामाग आणि यंत्रमाग यांच्या घरात मात्र एक मूलभूत फरक आहे. हातमाग माणूस थकला की थांबतो. रात्री तो गप्प असतो आणि त्याच्या शेजारी मूल झोपू शकते. यंत्रमाग थकत नाही. कर्ज काढून घेतलेल्या मागाचा पैसा वसूल व्हायचा तर तो दोन पाळ्यांत चालला पाहिजे. मग घर मागाच्या वेळापत्रकाने चालू लागते. मालेगावात मी अशी घरे पाहिली आहेत जिथे खाली माग आणि वर पोटमाळ्यावर संसार. बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते, भिंतीला हात लावला तर थरथर हाताला कळते, आणि कापसाची किटाळ जिन्यापासून देवळीपर्यंत सगळीकडे. ज्या जाड भिंतींनी पूर्वी गारवा धरून ठेवला त्याच भिंती आता आवाज आणि धूळ धरून ठेवतात. घर तेच, काम कापडाचेच. कामाची ताकद घराच्या ताकदीपेक्षा मोठी झाली.

कायदा उंबरठ्यापाशी थांबतो

आता कायद्याकडे वळू. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणांनाच तो लागू होता. १८९१ मध्ये ही मर्यादा पन्नासवर आली, १९२२ मध्ये वीसवर. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने ती शक्ती वापरणाऱ्यांसाठी दहा आणि न वापरणाऱ्यांसाठी वीस केली. आकडा असा खाली येत गेला, पण घरापाशी येऊन थांबला. त्याच कायद्याच्या कलम ८५ ने राज्य सरकारला याहून लहान जागांनाही कायदा लावण्याची मुभा दिली, आणि तिथेच अपवाद घातला: मालक केवळ आपल्या कुटुंबीयांच्या मदतीने काम करत असेल तर नाही.

अपवादामागचा हेतू समजण्यासारखा आहे. कुणाच्या माजघरात निरीक्षकाने शिरू नये. पण धंदेवाल्यांनी त्या अपवादाचा दुसराच अर्थ वाचला, आणि विडीच्या धंद्यात तो सर्वात स्पष्ट दिसतो. विडी वळायला यंत्र लागत नाही. तेंदूची पाने, तंबाखू, दोरा, कात्री आणि मांडीवर एक सूप एवढ्यावर काम होते. कारखान्यात बाया बसवल्या तर कायदा लागतो, पाणी आणि संडासाची सोय करावी लागते. तीच पाने आणि तंबाखू मोजून घरी दिली तर छप्पर, दिवा, पाणी, सगळे तिचे. संध्याकाळी विड्या मोजून घ्यायच्या, खराब म्हणून काही 'छाट' काढून ठेवायच्या, त्यांचे पैसे द्यायचे नाहीत. सोलापूर, सिन्नर, कामठी अशा गावांत हजारो घरे अशी विडीची घरे झाली.

१९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने या बाईला पहिल्यांदा नाव दिले. घरी बसून काम करणारीही कामगार आहे, असे त्यात मानले गेले. स्वतःच्या राहत्या घरात, घरच्यांना घेऊन, कुणा मालकासाठी नव्हे तर स्वतंत्रपणे धंदा करणाऱ्याला कायद्याने वगळले, पण मालकाचे काम घरी करणाऱ्याला आत घेतले. माझ्या मते आपल्या कायद्यातले हे एक महत्त्वाचे वळण आहे. काम कुठे चालते यापेक्षा ते कुणासाठी चालते, हा प्रश्न त्यात विचारला गेला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरबसल्या कामासाठी स्वतंत्र करार केला तो त्यानंतर तीस वर्षांनी, १९९६ मध्ये. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

कायद्याप्रमाणेच मोजणीचेही आहे. आपल्या जनगणनेत 'घरगुती उद्योग' असा कामकऱ्यांचा वेगळा वर्ग आहे, आणि घरयादी करताना 'राहते घर तसेच इतर वापर' असाही एक रकाना आहे. म्हणजे कामाचे घर ओळखणारी नोंद सरकारदरबारी आहे. ती भरली कशी जाते हा पुढचा प्रश्न. माझी आई आमच्या दोन खोल्यांत शिवणयंत्रावर परकर-झबली शिवायची आणि माझ्या शाळेची फी त्यातून जायची. १९८१ च्या जनगणनेला आलेल्या गुरुजींनी वडिलांना विचारून तिच्यापुढे 'घरकाम' लिहिले. यंत्र खोलीतच होते, त्यावर अर्धे शिवलेले झबलेही होते. गुरुजी भले माणूस होते. त्यांना शिवण दिसले, पण बाई घरात होती म्हणून ते काम वाटले नाही.

नकाशातले रंग

दुसरा कायदा जमिनीचा. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या मोडून रुंद रस्ते काढणे आणि हवा खेळती करणे हा त्याचा उपाय होता. देशातला पहिला नगररचना कायदाही मुंबई इलाख्याचाच, १९१५ चा. आज आपण ज्याखाली आहोत तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा. विकास आराखड्याच्या नकाशात निवासी भाग एका रंगात, औद्योगिक दुसऱ्या, व्यापारी तिसऱ्या. रसायनांचा कारखाना शाळेशेजारी नको, यात वाद नाही. पण कुंभाराचे चाक, तांबटाची हातोडी आणि रसायनांचा कारखाना हे तिन्ही एकाच रंगात टाकले की आळीचा जुना करार नकाशावरून पुसला जातो.

याच काळात एक वेगळा आवाज मुंबईत होता, त्याची आठवण ठेवायला हवी. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश शास्त्रज्ञ १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. स्थान, काम आणि लोक ही तीन एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे त्यांच्या विचाराचे सूत्र. जुन्या वस्तीतून सरळ रेघेचा रस्ता काढण्यापेक्षा एखादी पडकी भिंत काढा, एखादा चौक मोकळा करा, झाड आणि विहीर वाचवा, असा त्यांचा आग्रह असे. गेडिस १९२४ मध्ये परत गेले आणि आपल्या नियमावलीत सरळ रेघ राहिली.

कुंभारवाडा आणि कुंभारी

या सगळ्याचा कस आज दोन ठिकाणी लागतो आहे. पहिले धारावीतला कुंभारवाडा. सौराष्ट्रातून आलेले हे कुंभार मुंबईत आधी दक्षिणेकडे होते. शहर वाढले तसे ते उत्तरेला ढकलले गेले आणि १९३० च्या दशकात धारावीत स्थिरावले. इथले घर लांबट आहे. एका तोंडाला रस्ता आणि दुकान, मध्ये संसार, दुसऱ्या तोंडाला सामाईक चौक आणि त्यात भट्ट्या. माती मळायची, वस्तू घडवायची, वाळवायची, भाजायची आणि विकायची, हे सगळे काही पावलांत. भट्टी कुणा एकाची नसते, पाळीपाळीने पेटते. राहुल श्रीवास्तव आणि मातियास एशानोव या अभ्यासकांनी अशा घरांना 'अवजारघर' या अर्थाचे नाव दिले आहे, ते मला नेमके वाटते. ते घर राहण्याची जागा आहे आणि कमावण्याचे अवजारही.

दोष इथेही आहेत. भट्टीत कापडाच्या चिंध्या आणि गिरण्यांचा टाकाऊ कापूस जळतो. तो धूर चौकातल्या सगळ्यांच्या छातीत जातो, भट्टी ज्याची नाही त्याच्याही. गावातला आवा वस्तीच्या कडेला होता. मुंबईत कडच उरली नाही.

अशा घराच्या पुनर्वसनाचे माप काय? झोपडपट्टी पुनर्वसनात १९९५ पासून २२५ चौरस फुटांचे घर मिळे, पुढे ते २६९ झाले, मग ३००. धारावीसाठी पात्र रहिवाशांना ३५० चौरस फूट जाहीर झाले आहे. आकडा वाढतो आहे, आणि ज्यांच्या डोक्यावर पत्रा होता त्यांना पक्क्या छताचे मोल आहे. पण सातव्या मजल्यावरच्या ३५० फुटांत चाक बसेल, चौक बसणार नाही आणि भट्टी तर नाहीच. माप घेतले गेले ते राहणाऱ्याचे, कमावणाऱ्याचे नाही. कामासाठी वेगळे गाळे दिले तरी घरातल्या बाईला चुलीवरचे दूध पाहता पाहता पणत्यांना आकार देणे जमणार नाही. कुंभाराच्या घरात निम्मे काम तसेच होते.

दुसरे ठिकाण सोलापूरजवळचे कुंभारी. 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिणाऱ्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने तिथे महिला विडी कामगारांची सहकारी वसाहत उभी राहिली. दहा हजार घरे, नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे चाललेल्या लढ्यातून. २००६ मध्ये घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. त्यानंतर शेजारीच रे नगर झाले. तिथल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आला. त्यांत विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार आणि कचरा वेचणाऱ्याही आहेत.

मला या वसाहतीचे महत्त्व वेगळ्या जागी दिसते. विडीच्या मालकाने जे छप्पर, जो दिवा आणि जी जमीन वर्षानुवर्षे फुकट वापरली, त्या छपराची मालकी कामगार म्हणून मागितली गेली आणि मिळाली. ही घरे आराखड्याने मोठी नाहीत, विडीचे काम आरोग्याला चांगले झाले असेही नाही, तंबाखूची धूळ तीच आहे. पण घर ही मजुरीचाच एक भाग आहे, हे विडी वळणाऱ्या बायांनी सरकारकडून कबूल करून घेतले.

हिशेब

सरकारला कामाचे घर बांधताच येत नाही असेही नाही. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने हातमाग विणकरांसाठी घर आणि मागाची शेड एकत्र देणारी योजना काढली होती. त्यात माग हा घरातला एक सभासद धरला गेला, त्याच्या लांबी-रुंदीला जागा मिळाली. तेच माप यंत्रमागाला, चाकाला, शिवणयंत्राला लावता येईल, फक्त प्रत्येकाची ताकद वेगळी आहे हे ओळखून. शिवणयंत्राला खिडकी पुरेल. चाकाला तळमजला आणि सामाईक चौक लागेल, आणि धूर न करणारी भट्टी. यंत्रमागाला झोपण्याच्या खोलीपासून वेगळी भिंत आणि रात्रीची विश्रांती लागेल. तांबट आळी हे सारे नियमावलीशिवाय जाणत होती.

२०२० च्या टाळेबंदीत मध्यमवर्गाला घरबसल्या कामाचा अनुभव आला. जेवणाच्या टेबलावर संगणक आला, मुलांच्या आवाजात बैठका झाल्या, आणि महिन्याअखेर वीजबिल आणि इंटरनेटचे बिल हातात घेऊन अनेकांनी विचारले की हे कुणी भरायचे. कामाची वेळ संपते कधी, हेही विचारले. प्रश्न रास्त होते. सोलापूर-सिन्नरच्या विडीवाल्या बाया ते सत्तर वर्षांपूर्वीपासून विचारत आहेत, पण त्यांचे टेबल म्हणजे मांडीवरचे सूप होते.

म्हणून 'शाश्वत घर-कार्यालय' अशी पाटी लागलेला नवा प्रकल्प पाहताना मी सौरपट्ट्या आणि पावसाच्या पाण्याची टाकी पाहतो, आणि आणखी तीन गोष्टी विचारतो. इथे चालणाऱ्या कामाचा आवाज, धूर आणि पाळी घराला पेलणारी आहे का? कामाला लागणाऱ्या जागेचे आणि विजेचे पैसे काम देणारा मोजतो का? आणि उद्या मुलीला या घराचा धंदा नको असेल तर तिला इथे नुसते राहता येईल का? येवल्याच्या खड्डामागाचे घर यांतल्या पहिल्या प्रश्नाला उतरते, पुढच्या दोन्हींत नापास होते. कुंभारीच्या घराने दुसऱ्याची निम्मी वसुली केली. तिन्हींचे उत्तर 'हो' देणारे घर माझ्या वहीत अजून नोंदलेले नाही. वहीची पाने शिल्लक आहेत. धारावीचे नकाशेही अजून कागदावर आहेत, म्हणजे चौक काढायला वेळ आहे.